स्तनाच्या कर्करोगासाठीचा वॉक : राबणाऱ्यांचा मान कसा ठेवायचा

स्तनाच्या कर्करोगासाठी निघणाऱ्या वॉकमध्ये चालणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पाच किलोमीटर चालायला सव्वा तास लागतो. त्या सव्वा तासाआधी कुणी तीन-तीन महिने ओळखीपाळखीच्यांना फोन करून पैसे गोळा केलेले असतात, आणि त्याच पहाटे चार वाजल्यापासून कुणी टेबलं लावत, पाणी भरत उभं असतं. वॉक संपल्यावर टाळ्या मात्र बहुतेकदा मंचासमोर जे हजर असतील त्यांच्या वाट्याला येतात. हा अन्याय कुणी मुद्दाम करत नाही. नोंदी नीट नसतात आणि कार्यक्रमाची वेळ चुकीची ठरलेली असते म्हणून तो होतो. दोन्ही गोष्टी सुधारता येतात, आणि त्यासाठी आधी या वॉकचं गणित समजून घ्यावं लागतं.

चालायचं तर पैसे कशाला?

आपल्याकडे अनेकांना पहिला प्रश्न हाच पडतो. चालणारी चालते, मग देणगी मी का द्यायची?

यामागची कल्पना साधी आहे. संस्थेनं थेट मागितलं तर आपण पत्र बाजूला ठेवतो. पण भाची सांगते, ‘मावशी, आईला झाला होता म्हणून मी चालतेय, तू काहीतरी दे,’ तेव्हा आपला हात खिशाकडे जातो. मागणारं माणूस ओळखीचं असतं आणि ते स्वतः काहीतरी कष्ट उपसायला तयार असतं, यावर सगळं उभं आहे. म्हणूनच या वॉकमध्ये पैसे गोळा करणारी व्यक्ती हाच खरा कणा असतो. संस्थेचं नाव नंतर येतं.

अमेरिकेत या पद्धतीला आकार आला तो १९८०च्या दशकात. सुझन कोमेन ही बाई १९८० साली वयाच्या ३६व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगानं गेली. तिची बहीण नॅन्सी ब्रिंकर हिनं १९८२ मध्ये तिच्या नावानं संस्था काढली आणि १९८३ मध्ये डॅलस शहरात पहिली ‘रेस फॉर द क्युअर’ झाली. त्या वेळी ८०० लोक आले होते. ब्रिटनमध्ये १९९४ साली लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये ६८० जणी ‘रेस फॉर लाइफ’साठी जमल्या. पुढे या दोन्ही उपक्रमांत लाखो लोक उतरले.

आज अमेरिकेत दोन टोकांचे नमुने दिसतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा ‘मेकिंग स्ट्राइड्स’ हा वॉक साधारण पाच ते आठ किलोमीटरचा असतो. बहुतेक ठिकाणी तो ऑक्टोबरात होतो, आणि त्यात यायला प्रवेश शुल्क नाही की किमान रकमेची अट नाही. दुसऱ्या टोकाला कोमेनचा ‘थ्री-डे’. तीन दिवसांत ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर. रोज ३२ किलोमीटर चालायचं, रात्री गुलाबी तंबूत झोपायचं, आणि या सगळ्यासाठी प्रत्येक चालणाऱ्यानं किमान २,३०० डॉलर गोळा करून आणायचे.

२,३०० डॉलर कुठून येतात

आकडा मोठा वाटतो, पण तो फोडून पाहिला की गोळा करणाऱ्याचे कष्ट दिसतात. एक नमुना बघू. न्यू जर्सीत राहणारी, महाराष्ट्र मंडळात येणारी-जाणारी, नोकरी करणारी एखादी बाई आहे असं धरा.

पहिले १०० डॉलर स्वतःचे. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण देणगीच्या पानावर शून्य दिसलं की पुढचा माणूसही हात आखडतो. मग अगदी जवळचे दहा जण, प्रत्येकी ७५ : झाले ७५०. ऑफिसमधले आणि मंडळातले वीस जण, प्रत्येकी सरासरी ४० : ८००. इथवर १,६५० होतात. कंपनी जर कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर आपल्याकडून घालत असेल, तर तिचे स्वतःचे १०० आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी दिलेले ३०० यांवर आणखी ४०० मिळतात. बेरीज २,०५०. राहिले २५०. वॉक आणि दिवाळी मागेपुढेच येतात, तेव्हा चकलीची ३२ पाकिटं १० डॉलरला एक अशी विकली आणि भाजणी, तेल, पाकिटं यांचा ७० डॉलर खर्च वजा केला, तर २५० हातात राहतात. (घरचं खाणं विकायचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आधी बघावेत.)

म्हणजे एका बाईच्या नावापुढे २,३०० दिसतात, तेव्हा त्यामागे तीस माणसांना केलेले निरोप, त्यातल्या निम्म्यांना दोनदा करून दिलेली आठवण, आणि घाणा तळत घालवलेला एक अख्खा शनिवार असतो. मान द्यायचा तो या सगळ्याला.

हातचा पैसा सर्वांत जास्त निसटतो तो कंपनीकडून मिळणाऱ्या भरीत, हे इथंच सांगायला हवं. कंपनी आपणहून काही देत नाही. देणगी देणाऱ्या कर्मचाऱ्यानं स्वतः अर्ज भरावा लागतो, पावती जोडावी लागते, आणि त्याला मुदत असते. लोक देणगी देतात आणि अर्ज विसरतात. त्यामुळे ‘तुझी कंपनी भर घालते का?’ हा प्रश्न देणगी मिळाल्या मिळाल्या, आभाराच्या निरोपातच विचारावा.

श्रेय एकाचं, पावती दुसऱ्याची

इथं अनेक मंडळं आणि नव्या संस्था गोंधळतात. देणगीच्या दोन नोंदी असतात. पैसे ज्याच्या खिशातून आले त्याला पावती मिळते. ते पैसे ज्याच्या शब्दावर आले त्याला श्रेय मिळतं. मावशीनं ७५ डॉलर दिले तर पावती मावशीच्या नावानं, श्रेय भाचीच्या खात्यावर. भाचीनं सगळ्यांचे पैसे आपल्या खात्यात घेतले आणि एकच मोठी रक्कम आपल्या कार्डावरून भरली, तर कागदावर ती एकटीच देणगीदार होते. मग करसवलतीची पावती चुकीच्या माणसाला जाते आणि वीस जणांचे आभार मानायचे राहून जातात, कारण संस्थेला ती माणसं माहीतच नसतात.

अमेरिकी नियमात २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगीवर सवलत घ्यायची तर संस्थेची लेखी पोच लागते. आणि देणाऱ्याला बदल्यात काही वस्तू किंवा जेवण मिळालं असेल आणि दिलेली रक्कम ७५ डॉलरहून जास्त असेल, तर त्या वस्तूची किंमत किती हे संस्थेनं लेखी कळवावं लागतं, कारण सवलत तेवढी किंमत वजा जाऊन मिळते. चकलीचं पाकीट विकत घेणाऱ्याला म्हणूनच देणगीची पावती देऊ नये. त्यानं चकली घेतली आहे.

भारतात हीच गोष्ट ८०जी या नावानं लोकांना माहीत आहे. ही सवलत जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही, आणि २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोख दिली तर ती मिळतच नाही. वॉकचं प्रवेश शुल्क, ज्यात टी-शर्ट आणि नाश्ता मिळतो, त्याला देणगी समजू नये. नोंदणीच्या पानावर हे ठळक लिहिलं नाही तर मार्चमध्ये फोन येऊ लागतात, आणि ते फोन घ्यायला बसते तीच स्वयंसेवक मुलगी जी वॉकच्या दिवशी दहा तास उभी होती.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी एक बारकावा. भारतातल्या संस्थेला पैसे पाठवताना पासपोर्ट कुठला हे महत्त्वाचं ठरतं. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याच्या दृष्टीनं परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्यानं दिली, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) का असेना, तर ती परदेशी ठरते. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि तीही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या ठरावीक खात्यातच घेता येते. एकाच ग्रुपवर दोघा मित्रांना एकच खातेक्रमांक पाठवला तर त्यातल्या एकाचे पैसे संस्थेला अडचणीत आणू शकतात.

सर्वांत जास्त कुणी आणले एवढंच मोजलं की काय बिघडतं

बहुतेक वॉकमध्ये गोळा केलेल्या रकमेनुसार पायऱ्या ठरलेल्या असतात. अमुक रकमेला पिन, तमुक रकमेला जॅकेट, त्याहून वर मंचावर नाव. मुंबई मॅरेथॉनमध्ये विविध सामाजिक संस्थांसाठी निधी उभा केला जातो, युनायटेड वे मुंबई त्याचं काम बघते, आणि तिथंही मोठी रक्कम उभी करणाऱ्यांच्या नावाजलेल्या श्रेणी आहेत. पायऱ्या असाव्यात, त्यानं माणसाला पुढचं पाऊल टाकावंसं वाटतं. पण एवढाच मापदंड ठेवला तर तीन गोष्टी घडतात.

एक, ज्याचे मित्र श्रीमंत तो दरवर्षी जिंकतो. चार फोन, पाच लाख रुपये. दुसरीकडे एखादी अंगणवाडी सेविका दोनशे घरांतून पन्नास-पन्नास रुपये आणते, दहा हजार होतात, आणि तिचं नाव यादीच्या तळाशी जातं. तिनं दोनशे घरांत स्तनाच्या कर्करोगाबद्दल तोंडानं बोलून दाखवलेलं असतं, हे यादीत कुठंच येत नाही. म्हणून रकमेच्या जोडीला देणगीदारांची संख्या हा दुसरा तक्ता ठेवावाच. आमच्या मते मंचावर त्याचा मान पहिल्या तक्त्याइतकाच असावा, नंतर उरकून घ्यायची बाब म्हणून नव्हे.

दोन, मंचावर वाचलेला आकडा चुकतो. ऑनलाइन आलेले पैसे दिसतात. चेकनं आलेले, रोख पाकिटातले आणि कंपनीच्या भरीचे दिसत नाहीत, कारण ते अजून नोंदवलेलेच नसतात. कंपनीची भर तर दोन-तीन महिने उशिरा येते. मग जिनं खरं तर दुसऱ्या क्रमांकाची रक्कम आणली ती पाचवी म्हणून जाहीर होते, आणि ती पुढच्या वर्षी येत नाही. कारण विचारलं तर सांगतही नाही. यावर उपाय असा की वॉकच्या दिवशी फक्त ‘आतापर्यंत’चा आकडा वाचावा, क्रमांक लावू नयेत. नोंदी बंद करायची तारीख वॉकनंतर किमान ३० दिवसांची ठेवावी आणि क्रमांक त्यानंतरच्या वेगळ्या कार्यक्रमात जाहीर करावेत. सगळ्यात वाईट चूक म्हणजे गटाची एकूण रक्कम आणि गटातल्या व्यक्तींच्या रकमा पुन्हा मिळवून दुप्पट आकडा सांगणं. ती होते, आणि एकदा झाली की देणगीदाराचा विश्वास परत मिळवणं फार अवघड असतं.

तीन, बक्षिसांचा खर्च चढतो. वीस डॉलरचं जॅकेट दोनशे जणांना दिलं की चार हजार डॉलर गेले. हे पैसे देणगीतून जाणार असतील तर ते लोकांना सांगायला हवं. प्रायोजकानं दिले असतील तर तेही सांगावं. कॅनडातल्या टेरी फॉक्स रननं या बाबतीत सरळ दुसरी वाट धरली. टेरी फॉक्स या तरुणाचा पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, आणि १९८१ पासून त्याच्या नावानं रन होते. तिथं स्पर्धा नाही, प्रवेश शुल्क नाही, किमान देणगीची अट नाही. सगळ्यांनीच असं करावं असं नाही. पण कशाचा मान करायचा हे आधी ठरवलं की बक्षिसांची यादी आपोआप लहान होते, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

स्वयंसेवक : ज्यांच्या वेळेला समारंभच नसतो

आता खरा मुद्दा. वॉक सकाळी साडेसहाला सुटतो, आठ-साडेआठला लोक परततात, नऊला कार्यक्रम सुरू होतो. त्या वेळी पाण्याच्या तिसऱ्या टेबलावरचे दहा जण कुठं असतात? तिथंच. शेवटचा चालणारा पुढे गेल्याशिवाय टेबल उठत नाही, आणि शेवटची चालणारी बहुतेकदा केमोथेरपी नुकतीच संपलेली, सावकाश चालणारी बाई असते. तिच्यासाठीच तर ते टेबल असतं. ते उठवून, रस्त्यावरचे कप वेचून, टेम्पोत जार चढवून ही मंडळी परत येतात तेव्हा साडेदहा वाजलेले असतात आणि मंचावरचा फलक उतरवणं चालू असतं. ‘सर्व स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार’ हे वाक्य नऊ वाजून चाळीस मिनिटांनी म्हटलं गेलेलं असतं, ते त्यांनी ऐकलेलं नसतं.

पाण्याचं एक टेबल म्हणजे काय काम असतं ते जवळून पाहू. हजार चालणाऱ्यांसाठी, माणशी १५० मिलीचे दोन कप धरले तर ३०० लिटर पाणी लागतं. म्हणजे २० लिटरचे १५ जार, आणि ऊन असेल तर आणखी तीन हाताशी. दोघं कप भरतात, पाच जण हात लांब करून कप धरून उभे राहतात, दोघं पुढं पन्नास पावलांवर कप गोळा करतात, एक जण सगळ्यावर लक्ष ठेवतो. कप पाऊणच भरायचा, काठोकाठ भरला की चालणाऱ्याच्या अंगावर सांडतो. टेबलाच्या सुरुवातीलाच सगळे थांबतात आणि गर्दी होते, म्हणून पहिल्या स्वयंसेवकाचं खरं काम पाणी देणं नसतंच. ‘पुढे या, पुढेही पाणी आहे’ हे तासभर ओरडत राहणं हे त्याचं काम.

लांब पल्ल्याच्या वॉकमध्ये तर जबाबदारी आणखी वाढते. ‘थ्री-डे’त स्वयंसेवकांची मोठी फळी तीन दिवस चालणाऱ्यांबरोबर असते. कुणी जेवण वाढतं, कुणी चौकात गाड्या थांबवतं, कुणी गाडी घेऊन मार्गावर फिरत राहतं आणि ज्याला पुढे चालवत नाही त्याला उचलून आणतं. वैद्यकीय तंबूत फोडांवर उपचार होतात. लहान फोड न फोडता मधोमध भोक असलेली जाड चिकट पट्टी त्याभोवती बसवायची, म्हणजे दाब कडेवर येतो आणि फोड मोकळा राहतो. खाण्याच्या टेबलावर खारे पदार्थ असतातच. दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळ होते, डोकं दुखतं, माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागतं, आणि तेव्हा आणखी पाणी पाजलं तर प्रकृती आणखी बिघडते. हे ओळखून वेळीच डॉक्टरला हाक मारणारा स्वयंसेवक हा एखाद्या लाखाच्या देणगीइतका मोलाचा असतो.

मग त्यांचा मान ठेवायचा कसा? सोप्या गोष्टींपासून सुरुवात करावी. नाश्त्याची पाकिटं आधी टेबलांवर जावीत, मंचामागच्या खोलीत नंतर. पहाटे चारपासून उभ्या असलेल्या बाईला जवळचं स्वच्छतागृह कुठं आहे आणि तिच्या जागी दहा मिनिटं कोण उभं राहील, हे आदल्या दिवशी लिहून द्यावं. टी-शर्टचे साइझ नोंदणीच्या वेळीच विचारावेत. उरलेसुरले डबल एक्सेल स्वयंसेवकांना वाटणं हा अपमानच असतो, मग हेतू कितीही चांगला असो. हजेरी घ्यावी, तीही येण्याच्या आणि जाण्याच्या वेळेसह. कारण सहा महिन्यांनी कॉलेजचा विद्यार्थी तासांचं प्रमाणपत्र मागायला येतो तेव्हा अंदाजानं आकडा लिहिला तर दहा तास राबलेला आणि दोन तासांत फोटो काढून गेलेला, दोघं सारखेच ठरतात.

आभाराच्या पत्रात काम लिहावं. ‘आपल्या अमूल्य योगदानाबद्दल’ या ओळीत कुणाचंच काम दिसत नाही. ‘तुम्ही दुसऱ्या टेबलावर शेवटपर्यंत थांबलात, चार जार कमी पडले तेव्हा पहिल्या टेबलावरून आणवलेत’ असं एक वाक्य लिहायला टेबलप्रमुखाकडून त्याच संध्याकाळी दोन-दोन ओळी मागवून घ्याव्यात. आठवड्यानं कुणाला काही आठवत नाही.

आणि समारंभाचा दिवस वेगळा असावा. नोंदी बंद झाल्यावर, महिना-दीड महिन्यानं, एखाद्या शाळेच्या सभागृहात दोन तास. पैसे गोळा करणारे आणि टेबलावर उभे राहिलेले एकमेकांना तिथंच पहिल्यांदा भेटतात. मुंबई मॅरेथॉनमध्येही निधी उभा करणाऱ्यांचा गौरव शर्यतीच्या गर्दीत उरकत नाहीत, त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम असतो. तेवढा मोठा खर्च करायची गरज नाही. चहा, पोहे आणि नावं नीट वाचणारा एक माणूस पुरतो.

ज्यांच्यासाठी चाललो, त्यांचा मान

‘थ्री-डे’च्या समारोपाला एक पद्धत आहे. चालणारे आत येतात, स्वयंसेवक येतात, आणि शेवटी या आजारातून गेलेल्या बाया-पुरुष येतात. तेव्हा तीन दिवस चाललेली माणसं पायातला एक बूट काढून हातात उंच धरतात. भाषण नाही. तीन दिवसांची धूळ लागलेला तो बूटच सगळं सांगतो. आपल्याकडे पायातली वस्तू मान द्यायला वर करणं चालणार नाही, ते उघड आहे. पण शब्दांपेक्षा कृतीनं मान द्यायची ती समज उचलण्यासारखी आहे.

या माणसांना मंचावर बोलावताना काही गोष्टी पाळाव्याच लागतात. आधी लेखी विचारावं : नाव वाचू का, फोटो काढू का, तो बाहेर देऊ का. तिन्ही प्रश्न वेगळे. एखादीनं घरी सासूला सांगितलं असेल, पण ऑफिसात नाही. ‘कर्करोगावर मात केलेल्या’ हा शब्द सरसकट वापरू नये. ज्यांचा आजार शरीरात पसरला आहे आणि ज्यांचे उपचार आयुष्यभर चालणार आहेत त्या बाईनं मात केलेली नाही, पण ती आज पाच किलोमीटर चालून आली आहे. ‘आजारासोबत जगणाऱ्या आणि त्यातून बाहेर आलेल्या’ असं म्हटलं तर कुणी वगळलं जात नाही. पुरुषांनाही हा आजार होतो, एकूण रुग्णांत त्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असतं. त्यामुळे ‘सर्व भगिनींनो’ म्हणून सुरुवात केली की समोर बसलेला एखादा माणूस मान खाली घालतो.

मनगटावर बांधायची कागदी पट्टी ही क्षुल्लक बाब वाटते. ज्यांच्या काखेतल्या लसिका ग्रंथी काढलेल्या असतात त्यांना त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो, आणि त्या हातावर घट्ट काही बांधू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. म्हणून पट्टी बांधणाऱ्या स्वयंसेवकानं ‘कुठल्या हातावर बांधू?’ एवढं विचारावं. जड मानचिन्ह हातात देताना, खांद्यावर शाल टाकतानाही हेच. शाल मागून झटक्यात टाकली की विग सरकतो. समोर उभं राहून, दोन्ही हातांनी, सावकाश.

जे गेले त्यांची नावं छापील यादीत असावीत आणि ती घाईत वाचू नयेत. अमेरिकेतल्या ‘रिले फॉर लाइफ’मध्ये संध्याकाळी कागदी पिशव्यांवर नावं लिहून आत दिवे लावतात आणि लोक त्याभोवती शांतपणे चालतात. या उपक्रमाची सुरुवात १९८५ मध्ये गॉर्डन क्लॅट या शल्यविशारदानं केली. टॅकोमा शहरात तो २४ तास मैदानाला फेऱ्या मारत राहिला, ८३ मैल झाले आणि २७,००० डॉलर जमले.

आपल्याकडचा सत्कार

महाराष्ट्रात २०१२ साली मुंबईत मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी फक्त महिलांसाठीची पिंकाथॉन सुरू केली, आणि स्तनाच्या कर्करोगाचा विषय धावण्याच्या निमित्तानं घराघरांत गेला. आता लहान शहरांतही रोटरी, महिला मंडळं, डॉक्टरांच्या संघटना असे वॉक काढतात. तिथं आपली सत्काराची पद्धत येते : शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मानचिन्ह. ती चांगलीच आहे. बिघडतं ते क्रमात. आधी अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रायोजक, नगरसेवक अशा बारा जणांचा सत्कार होतो. मग वेळ संपते आणि ‘वेळेअभावी स्वयंसेवकांना प्रमाणपत्रं नंतर दिली जातील’ अशी घोषणा होते. क्रम उलटा करावा. पाहुण्यांच्याच हस्ते स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला की पाहुण्यांचा मानही राहतो आणि त्यांना मंचावर थांबावंही लागतं.

प्रमाणपत्रावरचं नाव हा तर कळीचा विषय. नोंदणी रोमन लिपीत, छपाई देवनागरीत, मधलं काम यंत्रानं केलेलं. साठेंचं साथे होतं, तावडेंचं तवडे, पाटीलचं पटील. चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र कुणी भिंतीवर लावत नाही. नोंदणीच्या अर्जातच ‘तुमचं नाव देवनागरीत लिहा’ अशी एक जागा ठेवावी, आणि छपाईआधी यादी प्रत्येकाला मोबाइलवर पाठवून ‘बरोबर’ असं उत्तर घ्यावं.

पैशाचं काय झालं

गोळा करणाऱ्याला सर्वांत जास्त बळ कशानं येत असेल, तर आपण ज्यांच्याकडे हात पसरला त्यांना पुढच्या वर्षी उत्तर देता येण्यानं. असं उत्तर देता आलं नाही तर त्याची किंमत मोजावी लागते, ती कोमेन संस्थेनंही मोजली. २०१२ मध्ये प्लॅन्ड पॅरेंटहूड या, गर्भपातासह स्त्रियांच्या आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेचं अनुदान थांबवण्याच्या निर्णयानं मोठा वाद झाला, निर्णय काही दिवसांत मागे घ्यावा लागला, तरी लोक दुरावले, आणि ‘थ्री-डे’ चौदा शहरांतून सातवर आणावा लागला. वर्षानुवर्षं निधी गोळा करणाऱ्यांना आपल्याच माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देणं जड गेलं.

भारतात पैसा कशासाठी लागतो हे सांगायला भरपूर आहे. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडते आणि ९८ हजार मृत्यू होतात. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजारानं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. महागडं यंत्र नसतानाही तपासणी शिबिरातून काय साधतं आणि कुणासाठी, हे या अभ्यासातून नेमकं सांगता येतं. वॉकच्या निधीतून शिबिर घेणार असाल तर पन्नाशीपुढच्या बायकांना आधी आणा, आणि ज्यांना पुढच्या तपासणीची गरज आहे त्यांच्या मॅमोग्राफीचा, बायोप्सीचा आणि प्रवासाचा खर्च बाजूला ठेवून मगच शिबिराची तारीख जाहीर करा. गाठ सापडली आणि पुढं पैसे नाहीत, हे सर्वांत वाईट.

सहा महिन्यांनी सर्व देणगीदारांना एक पान जावं, आणि ते संस्थेच्या सहीनं न जाता ज्यानं पैसे मागितले त्याच्या नावानं जावं. त्यात किती जमले, वॉकवर किती खर्च झाले, किती बायकांची तपासणी झाली, किती जणींना पुढं पाठवलं, त्यातल्या किती उपचारापर्यंत पोचल्या, एवढे पाच आकडे पुरेत. शेवटचा आकडा अनेकदा मनासारखा नसतो, तोही लिहावा. भाचीनं तो कागद मावशीच्या हातात दिला की मावशी आधी तोच आकडा बघते आणि विचारते, ‘बाकीच्या का नाही पोचल्या गं?’ त्याचं उत्तर भाचीकडे असेल, एवढी तयारी संस्थेनं तिची करून द्यावी.